वाऱ्यातला सांधा

बाटाम, ६ जानेवारी

ती. आबांस,
जुरैदाचा सलाम. वि. वि., आपल्या मोरो बेटाची नवी फेरीबोट इथल्या गोदीत होत आली. तळाचे वेल्डिंगचे सांधे माझ्या हातचे! जुनी लाकडी बोट मोडीत निघाली, तेव्हा निकाहला हिच्यातूनच यायचं. निकाह लावून देणारा वली म्हणून मला तुम्हीच हवेत, दुसरा कुणी चालणार नाही.

तुमच्यासारखं रॉड संपला की थांबा, हे आता नाही. बंदुकीतून तार अखंड येते. तारेच्या पोटात भुकटी, वरून गॅस, अशी वितळल्या लोखंडाची हवेपासून दुहेरी राखण. सांधा खोल मुरतो, डोक्यावर हात करून घातलेलाही ओघळत नाही. आमचा मुकादम, म्हणजे तुमचा होणारा जावई हमदान, जाम खूश आहे.

लोभ आहेच, तो बोटीवरही असू द्यावा.
जुरैदा

मोरो, ११ जानेवारी

चि. जुरैदास आशीर्वाद.
पत्र होतं की जाहिरात? एवढं गुणगान ऐकलं की मला आधी शंका येते. जन्मभर रॉड जाळले मी, धुरात डोळे घालवले, पण सांधा उकलला नाही. तुझा गॅस वाऱ्याने उडाला तर राखण कोण करणार, तुझा हमदान? वरून गुळगुळीत आणि आत पोकळ, अशी माणसंही मी पाहिली आहेत. त्या बोटीत मी पाय ठेवणार नाही.

रागावू नकोस, जेवत जा.
आबा

बाटाम, १९ जानेवारी

ती. आबांस सलाम.
चिडून तुमचं पत्र फेकलं होतं, पण त्यातला वारा डोक्यातून जाईना. सांध्याला आडोसा म्हणून आम्ही ताडपत्री बांधतो. बोटीच्या दुआच्या जेवणाला पाहुण्यांवर सावली हवी, म्हणून तीच एकदा सोडून नेली होती. इकडे पिवळा भात वाढला जात होता आणि मी उघड्यावर शेवटचा सांधा उरकला. उत्तरेचा वारा सुटला होता.

हमदान म्हणाला, सांधा वरून पाहून पास झालाय, नसती उठाठेव कशाला? मी ग्राइंडर लावलाच. आत भोकंच भोकं! सगळं खोदून पुन्हा भरलं, एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. बोटीचं काम लांबलं. पण सांधा भरताना हमदान स्वतःच ताडपत्रीची दोरी धरून उभा राहिला.

आता यायचं का, तुम्हीच ठरवा. माया कमी करू नका.
जुरैदा

मोरो, २५ जानेवारी

चि. जुरैदास आशीर्वाद.
येतो. खालच्या बाकावर, तुझ्या सांध्याशेजारीच बसेन. शेजारची हलीमा विचारत होती, आता भीती नाही का वाटत? म्हटलं, त्या बोटीवर माझ्यापेक्षा संशयी माणसाने काम केलंय.

हमदानला सांग, दोरी धरलीस म्हणून येतोय.
आबा

ता. क. तरंगायला रिकामा डबा बरोबर आणतोय. राग मानू नकोस.