रोजचा हिरवा दिवा

सौम्या,

शेजारच्या अनुसूयाअक्कांबरोबर जे. पी. नगरच्या डॉक्टरांकडे चाललोय. फाईल आणि पंप घेतलाय. फोनच केला असता, पण बोलताना वाक्य पुरं होत नाही. ऑटो येईपर्यंत लिहितोय.

तू फोनवर लावून दिलेल्या त्या दम्याच्या शिकवणीच्या अ‍ॅपचं मला काही कळेनासं झालंय. ते रोज सकाळी विचारतं, "दम नेहमीपेक्षा जास्त लागतोय का?" मी "नाही" दाबतो, हिरवा दिवा लागतो. आजही लागला. मग दोरीवरचा टॉवेल काढून खुर्चीपर्यंत येताना मी दोनदा थांबलो. अक्का म्हणाल्या, "चला, आत्ताच जाऊ." हिरवा असताना जायचं का, मला ठरवता येईना.

खोटं एकदाही दाबलं नाही. पण मी कालच्याशीच ताडून बघत होतो. काल एवढाच होता, परवाही स्वल्प इकडेतिकडे. उगादीला मात्र मी चिकपेटचा बाजार पायी फिरलो होतो ना? की ते मागच्या वर्षी?

डॉक्टर विचारतील, कधीपासून. तू ये आणि सांग. पण तुलाही मी रोज संध्याकाळी "बरा आहे" म्हणायचो, ते कालच्याच मानाने.

अप्पा