सांडव्यावरची भिंत

हिवरदरा, ता. संगमनेर
२५ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप गहिनीदादास,
धाकट्या विमलचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. ‘सगळे’ हा शब्द मुद्दाम लिहिलाय, तो ध्यानात ठेवून पुढचं वाच.

मंगळवारी संध्याकाळपासून इथला मोबाईलचा टॉवर बंद पडलाय, म्हणून पत्र. टॉवर चालू असता तरी पत्रच लिहिलं असतं म्हणा. फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हं’ म्हणते. इथं तुला मधे बोलता येणार नाही. रविराज टेम्पो घेऊन नगरला निघालाय, तो भिंगारला वळून हे दीपावहिनींच्या हातात देईल. वहिनी, दादाला आधी बीपीची गोळी द्या, मग पत्र.

कपिली गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. बाजरी आडवी झाली, पण कणसं हाताला लागतील. ह्यांचा खोकला बराय.

आता तुझ्या ‘जलविहार कृषी पर्यटन केंद्रा’विषयी. फाटक जागेवर आहे. त्यावरची पाटीही आहे, रंगाचा टवकासुद्धा उडालेला नाही. फाटकाच्या आतलं सांगायला मात्र जरा मागून यावं लागेल.

आठवडाभर पावसानं नुसती झोड उठवली. तलाव काठोकाठ भरला. एरवी जास्तीचं पाणी सांडव्यावरून ओढ्यात निघून जायचं. पण पाहुण्यांना पायरीवरूनच बोटीत बसता यावं म्हणून तू सांडव्यावर कंबरभर भिंत घातलीस ना, त्यामुळे पाण्याला जायला वाटच राहिली नाही.

मंगळवारी सकाळी मी केंद्रातल्या प्लॅस्टरच्या हरणांवरची शेवाळ घासत होते. कानिफनाथभाऊ शेरडं सोडून पळत आले.

“विमलताई, तलावाच्या बांधाखालून पानी पाझरतंय!”

मी म्हणाले, “भाऊ, पाझर तलाव आहे. पाझरणारच की.”

“आवं, पन गढूळ येतंय! माती घेऊन येतंय!”

जाऊन बघितलं तर बांधाच्या पायथ्याला मनगटाएवढा झरा, चहासारखा लाल. आणि त्याच्या समोरच रतनबाईची वस्ती. सरपंच धनश्रीनं पाटबंधाऱ्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “बांध आतून पोखरतोय. खालची वस्ती हलवा आणि सांडवा ताबडतोब मोकळा करा.” जेसीबी मागवला, तर तो फरशी पुलाच्या अलीकडेच अडकला. पुलावरून पाणी होतं.

माणसं, गुरं देवळात नेली. रतनबाई काही हलेना. “कोंबड्या घेतल्याबिगर मी यायची न्हाई,” म्हणाली. एक पकडावी तर दुसरी छपरावर. शेवटी धनश्री सरपंच स्वतः साडी खोचून कोंबड्यांमागं धावली. एवढ्या भीतीतसुद्धा मला हसू आलं, दादा. मग एकदम रडू आलं.

सांडव्यावर सगळे पहारी, टिकाव घेऊन जमले. पण हात कुणी उचलेना. “दादांची भिंत हाय. उद्या दादा आमाला कोर्टात उभं करतील,” असं म्हणत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, थांबा, दादाला विचारते.

तुला तो फोन आठवत असेल. उचलल्या उचलल्या तू म्हणालास, “बरं झालं फोन केलास. हंसाच्या बोटीला गुलाबी रंग द्यायचा, का पांढराच ठेवायचा?”

मी म्हणाले, “दादा, ती भिंत...”

“भिंतीलाही तोच देऊ.”

“अरे, बांधातून पाणी...”

“विमल, प्रत्येक गोष्ट मला विचारत बसू नकोस. तिथं तू आहेस ना? तुला योग्य वाटेल ते कर.” आणि ठेवलास.

मी वळले. कानिफनाथभाऊंनी विचारलं, “काय म्हनले दादा?”

मी म्हणाले, “दादा म्हणाले, फोडा.”

कुणाचा विश्वास बसेना. तू फोडा म्हणशील, हे मलाही खरं वाटलं नसतं. म्हणून भाऊंच्या हातातली पहार मीच घेतली आणि पहिला घाव घातला. मग सगळेच तुटून पडले.

पाणी जे सुटलं, ते थेट पाहुण्यांसाठी बांधलेल्या तुझ्या झोपड्यांवरून गेलं. ओढ्याच्या पात्रातच उभ्या होत्या त्या. हरणं गेली. झोपाळा गेला. सेल्फीचा बदाम गेला. हंस मात्र शहाणा. तो तरंगत तरंगत रतनबाईच्या शेतात जाऊन बसलाय, आणि त्यात तिच्या कोंबड्या बसल्यात. रंगाचा विषय त्यामुळे मिटलाच.

पण तलावाचं पाणी उतरलं, दादा. संध्याकाळपर्यंत झरा बारीक झाला. काल साहेब येऊन बघून गेले. बांध दुरुस्त करावा लागेल, पण उभा आहे. आणखी थोडा वेळ गेला असता तर खालची वस्ती राहिली नसती, असं ते म्हणाले. आज रतनबाईच्या घरी चूल पेटली.

आता जे लिहायला मी इतका वेळ टाळतेय, ते.

दसऱ्याच्या दिवशी ग्रामसभेत तुझा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, माइक, सगळं. ‘गहिनीदादांनी स्वतःचं घालवून वस्ती वाचवली,’ असं गावभर झालंय. भिंत घातल्यापासून तुझ्याशी न बोलणारेसुद्धा तुझं नाव काढतायत. रतनबाईनं तुझ्यासाठी कोंबडा राखून ठेवलाय, आणि ती कोंबडा असा कुणालाही देत नाही, हे तुला माहीत आहे.

मी त्यांना खरं सांगणार होते. पण त्यांचे चेहरे बघितले आणि जीभ उचलेना.

तर ये. चिडायचं असेल तर आधी माझ्या घरी ये, दार लावून चिड. मग सभेला जाऊ. माइकवर काय बोलायचं ते तुझं तू ठरव. भिंत कुणी घातली, हे गावाला ठाऊक आहे. ती फोडायला कुणी सांगितलं, हे फक्त आपल्या दोघांना. ‘मी असं म्हणालोच नव्हतो,’ म्हणालास तरी मी मान खाली घालून ऐकून घेईन. पण भिंत परत घालायची म्हणालास, तर पहार मी अजून भाऊंना परत दिलेली नाही.

तू ‘फोडा’च म्हणाला असतास, असं समजून चालणारी,
तुझी विमल