मंद आचेवरचा महिना

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९
थंडी पडली. पायमोजे शोधले, एकच सापडला.

आज घरात मोठी घटना. आमची ही ज्या प्रयोगशाळेत रक्त, लघवी वगैरे तपासते, तिथलं विभागप्रमुखपद हिला देऊ केलंय. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर. चहा घेता घेता ही म्हणाली, उद्यापासून मला घरी यायला आठ होतील. आता आली पंचाईत. सासूबाईंना गोळ्यांमुळे सातच्या ठोक्याला जेवण लागतं. कन्येला केव्हाही लागतं.

मी जागच्या जागी जाहीर केलं: रात्रीचं जेवण माझ्याकडे. हा महिना प्रायोगिक. तीस तारखेपर्यंत घडी बसली तर हिनं पद घ्यावं, नाही बसली तर सोडावं. कोणी काहीच बोललं नाही. मौन म्हणजे संमती.

थोडक्यात, हिचं करिअर आता माझ्या हातात आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
स्लो कुकर आणला. आत मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण. दुकानदार म्हणाला, सकाळी सगळं टाका, पाणी घाला, झाकण लावा आणि विसरून जा. संध्याकाळी स्ट्यू तयार. फक्त झाकण सारखं उघडू नका, एकदा उघडलं की अर्धा तास वाया. मी त्याला सांगितलं, एकोणीस वर्षं मोटार शिकवतोय, धीर धरणं हाच माझा धंदा.

सासूबाईंनी विचारलं, हे काय आणलंय. कन्या म्हणाली, आजी, हा मंद कुकर. सासूबाई म्हणाल्या, घरात एक मंद होता तेवढा पुरे नव्हता का. आमच्या जुन्या प्रेशर कुकरबद्दल बोलत असाव्यात. शिट्टी द्यायला फार वेळ लावतो.

३ नोव्हेंबर, सोमवार
साडेपाचचा गजर. सहाला उठलो. सहा दहा म्हणू.

बटाटे, गाजरं, कांदे, वाटाणे, कोंबडीचे तुकडे. बटणाला चार खुणा आहेत: बंद, वॉर्म, लो, हाय. पुस्तिका उघडली नाही. पुस्तक वाचून गाडी शिकायला आलेले पुष्कळ पाहिलेत. आपण साधा विचार करावा. हाय म्हणजे घाई. लो म्हणजे नावातच कमीपणा. वॉर्म म्हणजे ऊब, आणि थंडीत माणसाला ऊबच हवी असते. वॉर्मवर ठेवलं आणि निघालो.

दुपारी १. माझी नवी विद्यार्थिनी दंतवैद्य आहे. बाईंना डावं वळण शिकवत शिकवत आमच्या गल्लीत आणलं. गाडी उभी करायचा सराव म्हणून आमच्याच दारात उभी करायला लावली. आत जाऊन झाकण फक्त एकदा उघडलं. बघतो तर बटण हायवर! यंत्र सदोष दिसतंय. बटण घसरतं. परत वॉर्मवर आणलं. सासूबाई समोरच शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्यांना सांगितलं तर मान वर न करता म्हणाल्या, हो का?

सात वाजता वाढलं. बटाटा ठीक, गाजर जरा ताठ. ही आठला आली, खुर्चीत बसली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, गरम आहे. तिचे हे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतोय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
चौथ्या दिवशीही बटण हायवर. रोज दुपारी मी वॉर्मवर आणतो, रोज सकाळी ते घसरतं. दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, हे बटण आपोआप फिरत नाही, दिवसा घरी कोण असतं? मी म्हटलं, कोणी नाही, फक्त सासूबाई. तो हसला. गिऱ्हाईकाच्या तक्रारीवर हसतात का?

१० नोव्हेंबर, सोमवार
संकल्प: झाकण दिवसातून एकदाच उघडायचं.

आज तीनदा उघडलं. पहिल्यांदा संकल्पाप्रमाणे. दुसऱ्यांदा, पहिल्यांदा नीट लावलं होतं का ते पाहायला. तिसऱ्यांदा सुगंध आला म्हणून. म्हणजे खरं तर एकदाच.

वाटाणे बंदुकीच्या छऱ्यांसारखे झाले होते. कन्येनं ते ताटाच्या कडेला रांगेत लावले आणि पाव खाऊन उठली. वाढतं वय, भूक लहरी असते. सासूबाईंनी रस्सा प्यायला आणि म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही दुपारी कशाला हेलपाटे घालता, घरी मी आहे की. किती काळजी करतात माझी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दंतवैद्यबाईंची कुरकुर. म्हणतात, आपण कुठूनही निघालो तरी तुमच्याच गल्लीत कसे येतो? आणि परीक्षेत उजवं वळण नसतं का? मी सांगितलं, डावं पक्कं झालं की उजवं आपोआप येतं. तीन डावी म्हणजे एक उजवंच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बाईंची समजूत काढायला एक डबा भरून स्ट्यू दिला. त्यांनी गाडीतच चव घेतली. बराच वेळ चावत होत्या. मग म्हणाल्या, अशा गाजरांवरच तर आमचा दवाखाना चालतो. एवढ्या शिकलेल्या बाईंनी अशी दाद द्यावी! घरकी मुर्गी वगैरे म्हणतात ते खोटं नाही.

ही हल्ली दमून येते. घरात शिरताना फोनवर कुणाला तरी सूचना देत असते. प्रायोगिक महिन्यात एवढं मनावर घ्यायची काय गरज होती? मी विचारणार होतो, पण तेवढ्यात स्ट्यूत मीठ कमी निघालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
विजय!

आज दिवसभर परवाना कार्यालयात अडकलो, घरी फिरकायला जमलंच नाही. संध्याकाळी झाकण काढलं तर काय! मटण हाडावरून नुसतं सुटून आलेलं, बटाटे लोण्यासारखे, रस्सा दाट. कन्येनं दोनदा मागून घेतलं. सासूबाईंनी वाटी पुसून खाल्ली. ही म्हणाली, अहो, असंच रोज करत जा, ठेवायचं आणि विसरून जायचं.

कारणांचा विचार केला. सकाळी मी कांदा तिरपा चिरला होता. सगळा फरक तिरप्या कांद्याचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार
तिरपा कांदा. दुपारी दोनदा तपासणी. बटण पुन्हा हायवर घसरलेलं, पुन्हा जागेवर आणलं. गाजर ताठ. कांदाच बेभरवशाचा निघाला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
दंतवैद्यबाई परीक्षेत नापास. परीक्षक म्हणाला उजवीकडे घ्या. बाईंनी तीन वेळा डावीकडे घेतलं आणि त्याला घेऊन सरळ आमच्या दारात आल्या. परीक्षकाला भूमिती येत नसेल तर मी काय करणार? बाईंनी फोनवर बरंच काही सुनावलं. दात काढणाऱ्यांची जीभ एवढी तिखट असेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी घरी आलोच होतो म्हणून झाकण उघडून पाहिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
तीस तारीख जवळ आली. घोडामैदान जवळच आहे. हिच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम आहेत, सगळ्या नेमणुका त्यांच्या सहीनं होतात. त्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं. मीच फोन केला. घरची घडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली की हिच्या पदाबद्दल शंकाच उरणार नाही.

हिला सांगितलं तर हिचा चेहरा पडला. म्हणाली, कशाला? विचारायचं तरी होतंत. आनंद दाखवायची हिची पद्धत नाही.

सासूबाई शुक्रवारी सकाळीच बहिणीकडे दोन-तीन दिवसांसाठी जाणार आहेत, तिकीट आधीच काढलेलं. त्यांनी तीनदा विचारलं, शुक्रवारी दिवसभर घरी कोण असेल? मी म्हटलं, यंत्र असेल ना.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ७
दीड किलो मटण. बटाटे अर्धे करून, गाजरं जाड कापून, रुबाबात. बटण वॉर्मवर. सासूबाई रिक्षात बसता बसता म्हणाल्या, जावईबापू, त्या बटणाकडे लक्ष द्या हो. मी म्हटलं, डोळ्यांत तेल घालून.

सकाळी ११. बटण वॉर्मवरच! हललेलं नाही.

दुपारी १. अजून वॉर्मवरच. दोष आपोआप गेला. चिकाटीपुढे यंत्रसुद्धा नमतं.

दुपारी ४. तिसऱ्यांदा झाकण उघडलं, शाबासकी म्हणून. भांड्याला हात लावला, छान ऊबदार आहे. वाफ दिसत नाही. नाहीतरी वाफ म्हणजे उधळपट्टी.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी
काल रात्री लिहायची ताकद नव्हती.

मोठ्या मॅडम आठला आल्या. मी स्वागतपर चार शब्द बोललो. म्हटलं, हिला हे पद मिळावं म्हणून हे घर महिनाभर राबतंय, आता निर्णय कधी? मॅडम म्हणाल्या, कसला निर्णय? हिनं मध्येच त्यांना पाणी विचारलं. मला वाटलं, कार्यालयीन गुप्तता.

मग वाढलं. मॅडमनी काट्यानं बटाटा दाबला, तो ताटातून उडून टेबलाखाली गेला. त्यांनी मटणाचा तुकडा उचलून दिव्याकडे धरला आणि शांतपणे म्हणाल्या, हे कच्चं आहे, कोणी खाऊ नका. रोज नमुने तपासणारी बाई, तिच्याशी वाद काय घालणार? तरी मी म्हटलं, तेरा तास शिजलंय. तेव्हा कन्या म्हणाली, बाबा, आज आजी नाही ना, मग बटण कोण फिरवणार?

कन्येनं सगळं सांगितलं. मी सकाळी बाहेर पडलो की आजी बटण हायवर करायची. दुपारी मी येऊन परत खाली आणायचो. मी गेलो की आजी परत वर करायची. पण मध्येच माझी दुसरी फेरी झाली तर सगळं मुसळ केरात. अठरा तारखेला मी आलो नाही, म्हणून शिजलं. वॉर्मवर काही शिजत नाही म्हणे, शिजलेलं नुसतं गरम राहतं. हे पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. कन्येनं पान उघडून दाखवलं.

मॅडमनी पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं. सभ्य बाई.

झोप लागली नाही. अठरा वर्षं ही त्या नळ्यांवर वाकून मान मोडेपर्यंत राबली आणि माझ्या एका बटणापायी तिचं पद जाणार. ही गोष्ट मी चेष्टेनं लिहू शकत नाही.

ठरवलंय. आत्ता तिथे जायचं. मॅडमना सांगायचं की चूक माझी, शिक्षा हिला नको.

त्याच दिवशी, दुपारी
गेलो. दारावरच्या माणसानं विचारलं, कोणाला भेटायचंय. विभागप्रमुखांच्या नेमणुकीबद्दल, असं म्हटलं. त्यानं मला मॅडमकडे न नेता कोपऱ्यातल्या एका खोलीपाशी नेऊन सोडलं. दारावर पितळी पाटी, हिच्या नावाची. खाली: विभागप्रमुख.

काचेतून ही दिसली. तीन तरुण मुली समोर उभ्या, ही त्यांना कागदावर काहीतरी समजावून सांगत होती. घरी ही अशी ताठ बसत नाही. मी आत गेलो नाही. दारावरच्या माणसाला विचारलं, पाटी कधी लागली? म्हणाला, महिना होत आला, तीन तारखेला लावली, पेढ्याऐवजी सगळ्यांना केक दिला होता बाईंनी.

बाहेर पायऱ्यांवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं. गार वाऱ्यामुळे. नाही, वाऱ्यामुळे नाही. हिचं पद गेलं नाही, म्हणून.

मग राग आला.

३० नोव्हेंबर, रविवार
महिना संपला.

हिला विचारलं. ही म्हणाली, पद मी दोन तारखेलाच घेतलं होतं. चहा घेताना सांगितलंच होतं की उद्यापासून आठ होतील. प्रायोगिक वगैरे तुम्हीच ठरवलंत. मी म्हटलं, मग महिनाभर ताकास तूर का लागू दिली नाही? ही म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही माझ्या आधी उठत होतात, कांदा चिरता चिरता गुणगुणत होतात, ते मोडायला जीव होईना. आईनंही तेच म्हटलं, करू दे त्यांना, बटण मी बघते.

मी विचारलं, आणि माझं जेवण चांगलं झालं असतं तर? म्हणजे तुझ्या पदाला त्याचा काही उपयोग झाला असता का?

ही म्हणाली, अहो, तुमच्या स्ट्यूवर माझं पद कधीच नव्हतं.

हे बोलताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला होता, म्हणून लगेच लागलं नाही. थोड्या वेळानं लागलं.

१ डिसेंबर, सोमवार
भाज्या मी चिरल्या. बटण सासूबाईंनी लावलं, काल रात्रीच परत आल्यात. दुपारी घरी गेलो नाही. दंतवैद्यबाईंना फुकट जादा तास दिला.

ही आठला आली. मी वाढलं आणि समोर बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, आज कामावर काय झालं? तिनं घास तसाच खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग सांगायला लागली. पाऊण तास सांगत होती. तीन मुलींपैकी एक रक्त पाहून चक्कर येऊन पडते, एक फार हुशार आहे, आणि पहिल्या आठवड्यात ही रोज दुपारी भंडारखोलीत जाऊन रडायची.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. महिनाभरात मी पहिल्यांदाच विचारलं होतं.