पह्यले पानी, मंग पैसा

प्रिय नाना,

सगळं बिघडलं ती वेळ मला मिनिटासकट माहीत आहे. मे महिना, दुपारचे पावणेबारा. तुम्ही दुकानाच्या ओट्यावर पाठमोरे बसून पाण्याच्या मोटारीतली जळालेली कॉइल ठोकून काढत होतात. आणि आत मी, तुमच्याच फोनवर आलेले सहा आकडे एका अनोळखी माणसाला मोठ्याने वाचून दाखवले.

हो, मी. तुम्ही नाही.

एवढं सांगायला मला आठ महिने लागले. त्यातले सहा महिने तुम्ही माझ्यासमोर होतात. एका हाताच्या अंतरावर!

आज लिहायला बसलो, कारण सकाळी मेल आला. फोनमधल्या नकाशावरचं आपलं दुकान परत मिळालं. ‘आता तुम्ही या व्यवसायाचे मालक आहात’ असं लिहिलंय त्यात. मालक! मेल वाचला आणि सवयीने तुमच्या स्टुलाकडे बघितलं. मग तुमची तारेचं गेज आणि वेढे लिहायची वही काढली आणि मागच्या कोऱ्या पानांवर हे सुरू केलं. आयुष्यभर आपण अहिराणीत बोललो, पण पेन धरला की शाळेतली मराठीच येते. चालवून घ्या.

दुकान नकाशावर मीच टाकलं होतं, आठवतं? दुसऱ्या वर्षाला जळगावचं कॉलेज सोडून आलो त्या उन्हाळ्यात. सरांच्या टेबलावर जर्नल आपटून आलो होतो. आई रडली. तुम्ही फक्त म्हणालात, बस, तार धर. त्या तारेनेच माझी अर्धी लाज झाकली. मग मी पाटीचा फोटो काढला, तुमचा नंबर टाकला, आणि पारोळ्यात वाइंडिंगवाला शोधणाऱ्याला पहिलं नाव आपलं दिसायला लागलं. तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात की पोराने दुकान फोनमध्ये बसवलंय. कॉलेज सोडल्यापासून माझ्याबद्दल अभिमानाने बोललेलं तेच एक वाक्य.

आणि पाटीखाली तुमचं ते जुनं वाक्य. पह्यले पानी, मंग पैसा. मोटार विहिरीत सोडायची, पाइपातून पाणी पडलेलं शेतकऱ्याने डोळ्यांनी बघायचं, मगच तुम्ही हात पुढे करायचात. कूलर असला तर आधी हवा. मला तो खुळेपणा वाटायचा. किती वेळा भांडलो त्यावरून!

कूलरवरून स्वातीचं सांगायलाच हवं. तुम्हाला ठाऊक होतंच. ती आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कूलर घेऊन आली, संध्याकाळी घेऊन गेली आणि नकाशावर आपल्याबद्दल तीन वाक्यं लिहून गेली. त्यातलं शेवटचं, ‘खूप चांगले आहेत.’ नाना, वर्षभर मी ते वाक्य रोज वाचलं. जेवायच्या आधी, जेवल्यानंतर, तार गुंडाळताना. तिने मला पाठवलेलं दुसरं काहीच नव्हतं माझ्याकडे. हेही मला पाठवलेलं नव्हतंच म्हणा.

एकदा तुम्ही माझ्या खांद्यावरून डोकावून वाचलंत आणि हसलात. “चांगले ‘आहेत’ लिव्हेल शे, भाऊ. ‘आहे’ नही. हाई मन्हाबद्दल शे.”

मी चिडलो. म्हणालो, अनोळखी माणसाबद्दल आदरानेच लिहितात. तुम्ही म्हणालात, मग अनोळखीच राहशील, आणि परत कॉइलकडे वळलात. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही. इतका मूर्ख होतो.

तर तो फोन. पलीकडचा माणूस अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत होता आणि मला ‘सर’ म्हणत होता. कॉलेज सोडल्यानंतर मला कुणी सर म्हटलं नव्हतं. म्हणाला, सर, तुमच्या दुकानाची नोंद आज बंद होतेय, लोकांनी लिहिलेले सगळे अभिप्राय पुसले जातील, वाचवायचे असतील तर आत्ता आलेला कोड सांगा. दुकान बंद पडेल याची भीती मला वाटलीच नाही, नाना. मला फक्त ते एक वाक्य पुसलं जाताना दिसलं. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की हा कोड कुणालाही सांगू नका. मी ते वाचलं. वाचून सांगितला.

आठवड्याभरात नकाशावर नाव आपलं, फोटो आपला आणि नंबर भलत्याचाच. पुढच्या आठवड्यात बोरीकाठचे आबा आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांची मोटार जळाली होती, ठिबकवर लावलेला कापूस उन्हात होता, म्हणून त्यांच्या सुनेने नकाशावर आपलं नाव शोधून फोन लावला. समोरच्याने सांगितलं की बदली मोटार घेऊन माणूस पाठवतो, आधी पैसे टाका. आबांनी टाकले. दोन दिवस रस्त्याकडे बघत बसले. कापसाच्या कितीतरी ओळी कोमेजून गेल्या.

ते ओट्यावर उभे राहून बोलले तेव्हा सगळा बाजार ऐकत होता. चोर म्हणाले. आणि मी काय केलं? त्यांची कॉलर धरली! वडिलांच्या वयाच्या माणसाची. चोर कोण ते मला एकट्यालाच माहीत होतं, म्हणूनच माझं डोकं एवढं तापलं. तुम्ही माझा हात सोडवलात आणि त्यांना पाणी दिलंत. आबा शांतपणे म्हणाले, “तुम्ही आगाऊ पैसा लेतस नही, हाई मले माहीत व्हतं. पन नाव तुम्हनं व्हतं, नाना. नाव दखीसनच पैसा धाडात.”

तुम्ही उठलात. आपली स्वतःची मोटार टेम्पोत घातलीत, त्यांच्या विहिरीवर गेलात, दोर धरून ती खाली सोडलीत. पाणी पडलं. त्या दिवशी तुम्ही हात पुढे केला नाहीत.

मग आपण जळगावला सायबर पोलिसांत तक्रार द्यायला गेलो. तिथल्या ताई चांगल्या होत्या. म्हणाल्या, यात लाजायचं काही नाही, भले भले फसतात, फक्त कोड कुणी आणि कधी सांगितला तेवढं खरं सांगा. कोड कुणाच्या फोनवर आला होता? तुमच्या. तुम्ही फोन खिशातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, “मन्हाकडतीनच काही दाबाई गयं व्हई.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्यावर केळीच्या बागेचा फोटो होता. अजून दिसतो.

त्यानंतर तुम्ही फोन उचलणं सोडलंत. वाजला की माझ्याकडे सरकवायचात. तूच बोल, म्हणायचात, माझ्याकडून परत घोळ होईल. आणि मी घ्यायचो! एका पुठ्ठ्यावर तुम्ही स्वतः लिहिलंत, ‘फोनमधलं दुकान आमचं नाही, हे आमचं आहे,’ आणि तो पाटीखाली टांगलात. येणारेजाणारे वाचून हसायचे. आई प्रत्येकाला सांगायची की यांना फोनमधलं कळत नाही, साधा माणूस. मी आत वार्निश ढवळत बसायचो.

दुकान परत मागायची सोय तेव्हाही होती. मीच टाळत होतो. तुम्ही विचारलंत की काहीतरी सांगायचो, नकाशावाल्यांचं उत्तर येत नाही, साइट बंद आहे. खरं कारण असं की कोड कधी गेला, कुठल्या फोननंतर गेला, हे कुणी खोदून काढेल अशी भीती होती. ती दुपार बाहेर आली असती. म्हणून तुमचं नाव मी तसंच चोरांच्या हातात राहू दिलं.

आणि धुळ्याचा दवाखाना. छातीत कळ आली म्हणून तुम्हाला नेलं, नाव नोंदवायला तुमच्या फोनवर कोड आला. नर्सताईंनी मागितला. तुम्ही फोन छातीशी घट्ट धरून ठेवलात. मी म्हणालो, नाना, हा दवाखान्याचा आहे, हा द्यायचा असतो. तुम्ही मान हलवलीत. “कोनलेच सांगू नको, भाऊ.”

स्ट्रेचरवर असताना! तेव्हा तरी मी वाकून तुमच्या कानात एक वाक्य बोलायला हवं होतं. मी तुमची बोटं एकेक करून सोडवली आणि कोड सांगितला. तुमच्या हाताला वार्निशचा वास होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मनात ती चूक स्वतःची म्हणून घेऊन गेलात.

की नाही? तुम्हाला माहीत होतं का, नाना? आलेले फोन तुम्ही रोज संध्याकाळी बोटाने सरकवत बघायचात. त्या दुपारी तुमच्या फोनवरून कुणीतरी किती वेळ बोललं होतं, ते दिसलं असेलच. मग विचारलं का नाहीत एकदाही? कानाखाली वाजवली असतीत तर मी तिथेच सगळं ओकलो असतो. तुम्ही वाट बघत होतात का, मी सांगेन म्हणून? एवढा एकच राग आहे माझा तुमच्यावर. तोही धड करता येत नाही.

परवा शेवटी नकाशावाल्यांकडे मागणी केली. त्यांना व्हिडिओ हवा होता, न थांबवता काढलेला. रस्ता दाखवा, पाटी दाखवा, स्वतःच्या किल्लीने शटर उघडा, आतली हत्यारं दाखवा, म्हणजे दुकान तुमचंच आहे हे कळेल. मी रस्ता दाखवला, पाटी दाखवली. पाटीवर तुमचं नाव. किल्लीला तुमचा लाल दोरा. आत तुमचा हातोडा, मुठीपाशी झिजलेला, तुमचं तार गुंडाळायचं मशीन, तुमचं स्टूल. माझं काय दाखवू? एकही वस्तू सापडली नाही. व्हिडिओत शेवटी माझा रिकामा हात येतो. त्यांनी तरी मान्य केलं.

नोंद हातात आल्यावर आज पहिल्यांदा खाली जाऊन जुने अभिप्राय बघितले. फसलेल्या लोकांच्या शिव्यांच्या ढिगाखाली स्वातीचं होतं. पुसलं गेलंच नव्हतं, कधी जाणारही नव्हतं. आणि आज तिन्ही वाक्यं सलग वाचली. ‘कूलर त्याच दिवशी मिळाला. आधी हवा दाखवली, मगच पैसे घेतले. खूप चांगले आहेत.’

मधलं वाक्य मी वर्षभर वाचलंच नव्हतं, नाना. ते तुमच्याबद्दलच होतं. तुम्ही बरोबर होतात. ‘आहेत’ तुमच्यासाठीच होतं.

नंबर बदलला. प्रत्येक शिवीखाली उत्तर लिहिलं, खरं दुकान कोणतं ते सांगून. वर ठळक टाकलं की पाणी पडायच्या आधी जो पैसे मागेल तो आम्ही नाही. तुमच्या ज्या वाक्याला मी खुळेपणा म्हणायचो, तेच आता आपलं कुलूप आहे. लोकांना आधीपासून ठाऊक असलेली ती एक गोष्ट मी तेव्हाच ओरडून सांगितली असती, तर आबा फसले नसते.

पण माणसांना सांगायचं राहिलंय. आई अजून घरी येणाऱ्यांना तेच सांगते, यांना फोनमधलं कळत नव्हतं. आता आधी घरी जाऊन तिला सांगणार. मग बोरीकाठी, आबांच्या ओट्यावर. त्यांनी कॉलर धरली तर हात वर करणार नाही. या दोघांना सांगून झाल्याशिवाय तुमच्या स्टुलावर बसणार नाही, शटरही उघडणार नाही, हा माझा शब्द. तुमच्यावरचा डाग मी तुमच्याच ओट्यावरून, सगळ्या बाजाराला ऐकू येईल असा पुसेन.

वही फळीवर ठेवतोय, तुमच्या गेजच्या पानांसकट. आता बाहेर जाईन. पाटीखालचा पुठ्ठा काढून घेईन. शटर नेहमीसारखं अर्ध्यावर अडकेल. तुम्ही गुडघा लावून खाली दाबायचात, तसा लावेन. बसेल.

तुमचा,
भूषण