होडीत निजलेली राजकन्या

९ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? मागच्या पत्रात त्यांच्या इतक्या तक्रारी होत्या, की ते दोघे तुझे भाडेकरूच वाटले. इकडे सगळे बरे. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, बडबड मात्र शाबूत आहे.

आता मुद्द्याचं. काल दुकानात एक गृहस्थ चष्म्याचा नंबर काढायला आले. जवळचं दिसतं का पाहायला मी तक्ता पुढे केला, तर त्यांनी खिशातून एक जुनं कार्ड काढलं. पूर्वी च्युइंगमच्या पाकिटात निघायची, तसलं. होडीत निजलेली राजकन्या. म्हणाले, पोरवयापासून अख्खी मालिका जमवली, पण हे एक मिळायला अर्धा जन्म गेला. कंपनीने ते जेमतेम महिनाभर छापलं आणि का कोण जाणे, बंद केलं. आज त्या किमतीत एक नवी मोटारसायकल येईल म्हणे.

मी हसणार होतो. पण कोपऱ्यात इवलासा मासा दिसला. बाबांचा मासा, छापखान्यात ते बिस्किटांच्या वेष्टनांवर सहीऐवजी काढायचे तोच. आणि आत्या, चेहरा आमच्या धाकटीचा आहे. तीच हनुवटी, त्याच भुवया. बाबा तर ती जन्मायच्या कितीतरी आधी गेले.

आईला विचारलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि गच्चीवर निघून गेली. तेव्हा आठवलं, लहानपणी ती मला असली कार्डं घरात आणूच द्यायची नाही. मित्रांशी अदलाबदल करून जमवलेली सगळी तिने एकदा शेगडीत घातली होती.

हे काय आहे? तुला माहीत असणार.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गुंड्या


१७ मार्च

चि. गुंड्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र आईच्या हाती पडू देऊ नकोस.

तुझ्याआधी तुला एक बहीण होती. घटकाभर कुठे टिकायची नाही, म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायचे. सहा वर्षांची असताना तापाने गेली. तू त्यानंतरचा. घरात तिचं नाव काढायचं नाही, अशी वहिनीने आम्हाला शपथ घातली. फोटो काढण्याइतकी आपली ऐपत नव्हती.

ती गेली त्या सकाळी, माणसं जमेपर्यंत, दादा तिच्या उशाशी कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. पुढे त्या मालिकेसाठी त्याला निजलेली राजकन्या काढायची होती, तेव्हा त्याने तोच कागद पुढे ओढला. का, ते मी कधी विचारलं नाही. लेक कुठेतरी असावी असं वाटलं असेल त्याला.

कार्डं बाजारात आली. पोरं ती भिंतीवर आपटून खेळायची, पणाला लावायची. एक तुझ्या आईला शाळेच्या फाटकाशी चिखलात सापडलं. लेक गेली तशीच, डोळे मिटलेली, आणि वर बुटाचा ठसा. मग तिने गोळ्या वाटून गल्लीतल्या पोरांकडून कार्डं परत घेतली, तर ती वस्ताद पोरं दुसऱ्या गल्लीतून आणखी आणू लागली! शेवटी ती छापखान्यात गेली आणि मालकाला म्हणाली, की माझी मुलगी तुमच्या यंत्रात रोज हजार वेळा मरतेय, ते थांबवा. भल्या माणसाने त्याच दिवशी थांबवलं. दादाने पुन्हा चेहरा म्हणून काढला नाही. जन्मभर फळं आणि बिस्किटं.

तुझ्या गृहस्थांचं कार्ड दुर्मीळ झालं ते असं. आईला दाखवू नकोस, बाबा.

धाकटीला माझ्यातर्फे पोटाशी धर.

आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि शटर अर्धं ओढून बसून राहिलो.

गृहस्थ चष्मा न्यायला आले तेव्हा विचारलं, कार्ड विकणार का. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. ते पुसता पुसताच म्हणाले, की एवढं कागदावर लिहून दिलंत तर किंमत दुप्पट होईल, वरचे पैसे तुमचे. माणूस वाईट नाही, आत्या. दोन्ही गोष्टी मनापासूनच केल्या त्याने. मी नाही म्हणालो. तरी दोन दिवस घरी न्यायला कार्ड दिलं.

मी ते लपवलं होतं, पण धाकटीने माझी पिशवी उपसली आणि धावत जाऊन आजीला विचारलं, की माझं चित्र कुणी काढलं. आई थिजलीच. मग तिला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ कार्ड पाहत राहिली. म्हणाली, की ही निजायची ती लाथा झाडत, तोंड उघडं टाकून. अशी कधीच निजली नाही.

तेव्हापासून ती बोलू लागलीय, पण ऐकवत नाही. म्हणते, तिचे डोळेच आठवत नाहीत. मिटायच्या आधीचं सगळं त्या चित्राने पुसून नेलं. धाकटीला आरशासमोर उभी करते, डोळे मोठे कर म्हणते, आणि मान हलवते. हे नव्हेत, हे नव्हेत. काल पोर घाबरून माझ्यामागे लपली.

कार्ड मी परत केलं. तरी घरात कुणीतरी डोळे मिटून बसलंय, असं वाटत राहतं. धाकटी झोपली की मी जाऊन तिला हलवून पाहतो.

तुला आठवतात का गं भिंगरीचे डोळे?

पत्राची वाट पाहतोय, माया असू दे.

गुंड्या


८ एप्रिल

चि. गुंड्यास,

आशीर्वाद. यापुढचं आईला मोठ्याने वाचून दाखव. दिवसा, खिडकीपाशी.

वहिनी, तिचे डोळे काळे नव्हते. कोऱ्या चहाच्या रंगाचे होते, आणि उन्हात आली की त्यांच्या कडा मधासारख्या दिसायच्या. डावा किंचित लहान. साखर खाल्लीस का म्हणून विचारलं की ती छताकडे बघायची, आणि हसू दिसू नये म्हणून तुम्ही पाठ फिरवायचात. रुसली की पाणी येईपर्यंत टक लावून बघायची आणि मग आपणच आधी फिसकन हसायची.

शेवटच्या संध्याकाळी मी तिला पाणी पाजत होते. आई कुठेय म्हणाली. मी सांगितलं, औषध आणायला गेलीय. तर म्हणाली, की मग मी जागीच राहते. पापण्या मिटत होत्या, पण बोटांनी वर धरून राहिली हो! तुम्ही आलात आणि बाटलीचं बूच काढायला कोनाड्याकडे वळलात. तुम्हाला दिसलं नसेल. दादा तर तेव्हा दारात डॉक्टरांपाशी होता. मी बघितलं. तिने तुम्हाला डोळे भरून पाहिलं, आणि मग बोटं काढून घेतली.

तुमची,
वन्सं