माझी शेकाची वीट

कार्ले, आषाढ वद्य पंचमी

माझी वीट कुणीतरी वापरतंय. कमरेपासून पोटरीपर्यंत शीर पेटते, म्हणून रोज तिन्हीसांजेला वीट तापवून, निरगुडीचा पाला लावून, फडक्यात गुंडाळून शेकते. चार दिवस झाले, कोनाड्यातली वीट आधीच कोमट लागते. फडक्याला चिखल.

संशय सुनेवर. ती बाजेवरूनच म्हणाली, "आत्याबाई, मला बाळंतिणीला शेगडी हाय की! तुमची वीट कशाला घीन?"

खरंय, पण मन मानेना. परवा बारसं. चार नातवांवर पहिली नात, नाक तर अगदी माझं! पाळण्यापाशी मांडी घालून बसायचंय, शेक चुकला तर कशी बसणार?

म्हणून आज दुपारीच न्हाणीच्या दाराआड लपले. तर भाताच्या लावणीवरून घरधनी आले ते चिखलाच्या पायांनी थेट चुलीपाशी. वीट निखाऱ्यात सारली, तापली तशी फडक्यात घेतली, कमरेला लावली नि "आई गं!" आणि वर्षभर माझ्या शेकाला म्हणतात, "नखरं हायती तुजी!"

मी पुढं झाले. "कुटं दुखतंय?"

"न्हाई, वीट तापती का बगत हुतो."

हसू दाबता दाबता माझीच शीर ओढली. पाला लावायचा तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं, तो मी लावून दिला. उगाच संशय घेतला, हे सुनेला कुठल्या तोंडानं सांगू, ते उद्या बघू. बारशादिवशी मात्र वीट आधी माझी.