एक नंबरची टाइल

शुक्रवार, १ मार्च १९९६
बहारीनच्या आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये हात वर केला. हॉलच्या रिकाम्या भिंतीवर मातीच्या टाइल्सचं म्युरल! १०८ मुलं, १०८ टाइल्स. उद्घाटन ३ मे, सुट्टीच्या शुक्रवारी होणाऱ्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात. नीलाताई म्हणाल्या, माती सुकायला वेळ लागतो. त्या पूर्वी आर्ट टीचर होत्या, म्हणून खोट काढायची सवय. मी सित्र्याच्या स्टोअरमध्ये बारा वर्षं चार हजार स्पेअर पार्ट्स सांभाळतोय. माती ती काय!
घरी श्रेयाला (वय बारा) सांगितलं. म्हणाली, ओके. एकदा तरी तिनं मैत्रिणींना सांगावं, हे माझ्या बाबांनी केलंय. मला बाकी काही नको.

शुक्रवार, ८ मार्च
मुलं आली चौदा. त्यातला एक वाढदिवस समजून आला होता. १०८ चे २७ केले. नक्षत्रं सत्तावीसच असतात.

शुक्रवार, २२ मार्च
टाइल्स तयार. नीलाताई म्हणतात, सावलीत अजून दहा दिवस. मी गच्चीवर उन्हात टाकल्या. बहारीनचं ऊन फुकट आहे.

गुरुवार, ४ एप्रिल
आली नावाच्या गावातल्या कुंभारानं, नजीबनं, भट्टी उघडली. टाइल्स मफी, म्हणजे एकही उरली नाही. सत्तावीसच्या सत्तावीस. आत ओल होती म्हणे. फुटल्या कशा, ते त्यानं दोन्ही हातांनी दोनदा करून दाखवलं. एकदा पुरे होतं.

शुक्रवार, १२ एप्रिल
नवा प्लॅन. नऊच टाइल्स, पण मोठ्या. तीन ओळी, ओळीत तीन. नऊ मुलं टिकली आहेत, हा योगायोग. सुकवण्याची जबाबदारी नीलाताईंना दिली. माणसाला मोठं मन हवं.
मध्ये समुद्रात गलबत. डावीकडे वर सूर्य, त्यावर बारीक अक्षरात ‘कल्पना : कैलास’. ती टाइल नंबर एक. उजवीकडे खाली श्रेयाचा खेकडा, नंबर नऊ. पाठीमागे आकडे मी स्वतः कोरले, मराठीत. श्रेया म्हणाली, बाबा, नॉर्मल नंबर्स लिहा ना. नॉर्मल! पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना आकडे शिकवणार. पंधरा मिनिटांचं काम.

शुक्रवार, १९ एप्रिल
टीव्हीवर शारजाच्या क्रिकेटची फायनल होती. आकडे पुढच्या शुक्रवारी, नक्की.

शुक्रवार, २६ एप्रिल
नऊही टाइल्स भट्टीतून अखंड आल्या. माझ्या देखरेखीचा परिणाम. आकड्यांचं राहिलं, सलूनमध्ये कटिंगला गर्दी होती. मुलं हुशार आहेत, इंशाल्ला.

गुरुवार, २ मे
मुलं टाइल्स जमिनीवर क्रमानं मांडतील, ताहिर भिंतीवर चिकटवेल. ताहिर रत्नागिरीचा, या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मी घरी भाषण पाठ केलं. कलाकारानं शेवटच्या क्षणी लुडबूड करू नये.

शुक्रवार, ३ मे, सकाळी ९
खेकडा आकाशात. मासा गलबताच्या शिडाशेजारी हवेत. सूर्य खाली उजव्या कोपऱ्यात, पाण्यात.
ताहिरला फैलावर घेतलं. तो म्हणाला, भाऊ, पोरांना मी विचारलं व्हतं. ती बोलली, अंकलनी नंबर टाकलेत. म्हटलं, शिकलेला माणूस, असंल कायतरी.
श्रेयाला विचारलं. तिनं बोटावर मोजून सांगितलं. १ म्हणजे नाइन. ४ म्हणजे एट. ७ म्हणजे उलटा सिक्स. २ आणि ३ इंग्रजीसारखेच. उरलेल्या चार टाइल्स उरलेल्या जागी. सिमेंट घट्ट झालंय. खलास.

संध्याकाळी ७
भाषणात ‘आधुनिक शैली’ हा शब्द चार वेळा वापरला. कुणी काही विचारलं नाही. नीलाताई हसल्या, पण प्रेमानं. कार्यक्रमासाठी वॉटर कूलर त्याच्या नेहमीच्या जागी, खाली उजव्या कोपऱ्यात, आणून ठेवला होता. माझा सूर्य, नावासकट, त्याच्या मागे.
एक नंबरच्या जागेवर श्रेयाचा खेकडा. ती अल्फियाला आणि बाकीच्या मैत्रिणींना ओढून घेऊन आली. मी कान टवकारले. म्हणाली, खेकडा मी केला. आणि नंबर्स माझ्या बाबांनी घातले. पोरी हसून हसून खाली बसल्या. मला फार लागलं.
येताना गाडीत तिनं विचारलं, मग रिअल नाइन कसा असतो? सलमानियाच्या सिग्नलला डॅशबोर्डच्या धुळीत एक ते नऊ काढून दाखवले. पुढच्या सिग्नलपर्यंत तिचे पाठ झाले.
जिच्यापायी आकडे शिकवायचे राहिले, ती शारजाची फायनलही आपण हरलोच होतो.